येणे बाकीचा अहवाल नियंत्रण खात्याशी दर महिन्याला जुळत नसेल तर: टेबलांच्या रचनेतील दोष आणि त्याची दुरुस्ती

महिनाअखेरीला बिलवार येणे बाकीचा अहवाल काढावा आणि त्याची बेरीज खातेवहीतील ऋणको नियंत्रण खात्याच्या (सर्व ग्राहकांकडील येणे एकत्र दाखवणाऱ्या खात्याच्या) शिलकीशी जुळू नये, ही अडचण लेखा प्रणाली सांभाळणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येते. लेखा विभाग दोन दिवस बिले चाळतो, चार-दोन खऱ्या चुका सापडतात, उरलेला फरक सस्पेन्स खात्यात, म्हणजे उलगडा न झालेल्या रकमांच्या तात्पुरत्या खात्यात, टाकून महिना बंद केला जातो, आणि पुढच्या महिन्यात तोच फरक, बहुधा थोडा फुगून, पुन्हा समोर उभा राहतो. लेखापालाला वाटते की सॉफ्टवेअर चुकते आहे, प्रोग्रामरला वाटते की नोंद करणारा चुकतो आहे. माझ्या अनुभवात फरक असा पुन्हा पुन्हा येत असेल, तर बहुतेक वेळा दोघांचाही दोष नसतो. बिल आणि पावती यांच्यातील नाते ज्या टेबलांत साठवले आहे, त्या टेबलांना ते नाते पेलतच नसते.

गैरसमज वाढण्याचे एक कारण असे की तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या नावे-जमा शिलकांचा गोषवारा, मात्र दर वेळी अचूक जुळलेली असते. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिस येथे दुहेरी नोंद पद्धतीचे वर्णन छापले, तेव्हापासून आजवर त्या पद्धतीची हमी एवढीच आहे की नावे आणि जमा बाजू समान राहतील. कोणती पावती कोणत्या बिलापोटी आली, हे दुहेरी नोंद सांगत नाही. ते सांगण्याची जबाबदारी टेबलांच्या रचनेवर असते, आणि ती रचना चुकली तरी तेरजेला त्याचा पत्ता लागत नाही.

फरकाचे स्वरूप आधी पाहावे

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी मागील सहा-आठ महिन्यांचे फरक एकाखाली एक लिहून काढावेत. फरक दर महिन्याला तेवढाच राहत असेल, तर तो एखाद्या जुन्या घटनेचा अवशेष असतो. बहुधा आरंभीच्या शिलका भरताना राहिलेली चूक, किंवा नियंत्रण खात्यावर कोणीतरी थेट केलेली हस्तनोंद. ती शोधून उलट नोंदीने दुरुस्त केली की प्रश्न मिटतो. फरक व्यवहारांच्या संख्येबरोबर वाढत असेल, तर दोष रचनेत किंवा क्वेरीत (टेबलांतून माहिती काढणाऱ्या आज्ञेत) आहे. फरक केवळ दशांश चिन्हानंतरच्या आकड्यांत असेल, तर रकमेचा रकाना फ्लोट (अंदाजे मूल्य साठवणाऱ्या) प्रकाराचा आहे का ते पाहावे. द्विमान पद्धतीत ०.१ ही संख्या अचूक लिहिताच येत नाही, त्यामुळे ०.१ आणि ०.२ यांची बेरीज संगणकाच्या लेखी ०.३ च्या बरोबर ठरत नाही. रकमेसाठी डेसिमल किंवा न्यूमेरिक हाच प्रकार वापरावा. इथे तडजोडीला जागा नाही.

जुने हिशेबनीस फरकाला ९ ने भाग जातो का ते पाहत, कारण शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेले, म्हणजे ५४ ऐवजी ४५ झाले, की फरक ९ च्या पटीतच येतो. हाताने भरलेल्या रकमांसाठी ही युक्ती अजूनही चांगली आहे. मात्र यंत्राने पोस्ट केलेल्या नोंदींत अंक सहसा उलटत नाहीत. तिथे फरक एखाद्या बिलाच्या रकमेइतका किंवा तिच्या पटीत आहे का, हे पाहणे जास्त उपयोगी ठरते. पटीत असेल तर कारण काय असू शकते, ते पुढे येईलच.

त्यानंतर फरक ग्राहकवार फोडावा. एका बाजूला अहवालातील ग्राहकवार बेरीज आणि दुसऱ्या बाजूला नियंत्रण खात्यावरील नोंदींची ग्राहकवार बेरीज घेऊन त्या फुल आउटर जॉइनने, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सर्व ओळी राखणाऱ्या जोडणीने, जोडाव्यात. इनर जॉइन वापरू नये, कारण एकाच बाजूला असणारा ग्राहकच आपल्याला हवा असतो आणि इनर जॉइन नेमका त्यालाच गाळते. नियंत्रण खात्याच्या नोंदींवर ग्राहक क्रमांकच नसेल, तर तपासणी इथेच अडते. तसे असल्यास तोच पहिला दोष समजून, या खात्यावरील प्रत्येक ओळीला ग्राहक क्रमांक सक्तीचा करावा.

एका पावतीत दोन बिले

पुढे वर्णन केलेला दोष मी स्वतः आखलेल्या एका प्रणालीत होता, त्यामुळे तो मला जवळून माहीत आहे. पावतीच्या टेबलात मी ‘बिल क्रमांक’ हा एक रकाना ठेवला होता, आणि पावती आली की त्या क्रमांकाच्या बिलापोटी ती वजा होत असे. चाचणीत सारे सुरळीत चालले, कारण चाचणीसाठी मीच तयार केलेली प्रत्येक पावती एकाच बिलाची होती.

प्रत्यक्ष वापरात काय घडले ते लहान आकड्यांत पाहू. एका ग्राहकाची तीन बिले आहेत: क्रमांक १०१ चे १०,०००, क्रमांक १०२ चे ६,००० आणि क्रमांक १०३ चे ४,०००. ग्राहकाने आधी १२,००० दिले, त्याची पावती ५१. नंतर ४,००० दिले, त्याची पावती ५२. पहिल्या रकमेतून १०१ पूर्ण फिटते आणि १०२ पोटी २,००० जातात. दुसऱ्या रकमेतून १०२ चे उरलेले ४,००० फिटतात. खरी बाकी म्हणजे फक्त १०३ चे ४,०००. आता पावती ५१ वर एकच बिल क्रमांक लिहिण्याची सोय असल्यामुळे लिपिकाने १०१ लिहिले, आणि पावती ५२ वर १०२. परिणामी १०१ ची बाकी उणे २,०००, १०२ ची २,००० आणि १०३ ची ४,००० दिसू लागली. एकूण बेरीज अजूनही ४,००० च आहे, म्हणून कोणाला शंका आली नाही. पण येणे बाकीच्या अहवालात, जसे अनेक ठिकाणी असते तसे, ‘बाकी शून्यापेक्षा जास्त असलेली बिलेच दाखवा’ अशी अट होती. उणे २,००० गळले, अहवाल ६,००० सांगू लागला आणि नियंत्रण खाते ४,०००. शिवाय जे बिल केव्हाच फिटले होते, त्याच्या २,००० साठी ग्राहकाला स्मरणपत्रही गेले.

अट काढून टाकली की बेरीज जुळते, आणि पुष्कळ ठिकाणी दुरुस्ती इथेच थांबते. हे पुरेसे नाही, कारण बिलांच्या वयानुसार केलेली विभागणी तशीच चुकीची राहते, आणि बुडीत व संशयित येण्यांची तरतूद त्याच विभागणीवर ठरते.

दुसरी प्रचलित मलमपट्टी म्हणजे ‘बिल क्रमांक १’, ‘बिल क्रमांक २’, ‘बिल क्रमांक ३’ असे रकाने वाढवणे. चौथे बिल आले की ती कोसळते, आणि एखादे बिल शोधायचे तर तिन्ही रकाने धुंडाळावे लागतात. तिसरी म्हणजे एकाच रकान्यात स्वल्पविराम देऊन क्रमांक लिहिणे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या रिलेशनल प्रतिमानात एका घरात एकच मूल्य असावे असा जो आग्रह आहे, तो निव्वळ पुस्तकी नव्हे: ‘१०१, १०२’ अशा मजकुरावर फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील ओळीकडे बोट दाखवणारा दुवा) लावता येत नाही, आणि कोणत्या बिलापोटी किती रक्कम गेली हे त्यात लिहायला जागाच नसते. चौथी पळवाट लिपिक स्वतःच शोधून काढतात. ते एका धनादेशाच्या दोन पावत्या फाडतात. मग बिले जुळतात, पण बँक विवरणात १२,००० ची एक नोंद आणि आपल्याकडे दोन पावत्या, असा घोळ बँक ताळमेळात जाऊन बसतो.

नाते आधी ठरवावे, टेबल नंतर

या चुकीचे मूळ असे की रचना करताना ‘पावतीवर काय काय छापलेले असते’ हा प्रश्न विचारला गेला, आणि ‘विक्री व वसुली या दोन घटनांचे नाते काय’ हा विचारायचा राहिला. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये एंटिटी-रिलेशनशिप (घटक आणि त्यांची नाती दाखवणारा) आराखडा मांडला, आणि विल्यम मॅकार्थी यांनी १९८२ मध्ये लेखा प्रणालींसाठी संसाधन, घटना आणि कर्ते या तीन घटकांवर उभे असलेले आरईए प्रतिमान प्रसिद्ध केले. त्या प्रतिमानात नावे, जमा आणि खाती यांना मूळ माहितीचे स्थान नाही. विक्री ही एक घटना, वसुली ही तिची जोडघटना, आणि ‘येणे’ म्हणजे या दोघींमधला अजून न भरलेला फरक. माझ्या मते आपल्या समस्येवर याहून नेमका प्रकाश दुसरा कोणी टाकलेला नाही. येणे बाकी हा फरकच असेल, तर ती वेगळी साठवण्याची गरज नाही. मात्र कोणती वसुली कोणत्या विक्रीची जोड आहे, हे नोंदवलेच पाहिजे.

म्हणून लेखापालासमोर बसून चार प्रश्न विचारावेत, आणि उत्तरे लिहून त्याच्याकडून मान्य करून घ्यावीत. एखाद्या बिलापोटी अजून एकही पावती नाही, असे असू शकते का? उधारीवर विक्री होत असेल तर असू शकते. एका बिलापोटी अनेक पावत्या येऊ शकतात का? हप्ते चालत असतील तर येतात. एखादी पावती कोणत्याच बिलाशी जोडलेली नाही, असे होते का? आगाऊ रक्कम घेतली जात असेल तर होते. एका पावतीत अनेक बिले फिटू शकतात का? माझ्या प्रणालीत हाच चौथा प्रश्न मी विचारला नव्हता.

उत्तरांवरून फॉरेन कीची जागा आपोआप ठरते. एकास अनेक असे नाते असेल, तर की ‘अनेक’ बाजूच्या टेबलात जाते. एकास एक असेल, तर ती नंतर घडणाऱ्या घटनेच्या टेबलात ठेवणे बरे, कारण आधीच्या घटनेच्या टेबलात ठेवल्यास दुसरी घटना घडेपर्यंत तो रकाना रिकामा राहतो. अनेकास अनेक असेल, तर तिसरे टेबल लागते. इथे त्याला ‘जुळवणी’ म्हणू. त्याची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, बिल क्रमांक आणि पावती क्रमांक मिळून होते, आणि जुळवलेली रक्कम त्याच टेबलात राहते, कारण ती एकट्या बिलाचाही गुण नाही आणि एकट्या पावतीचाही नाही. वरच्या उदाहरणात तीन ओळी होतात: १०१ व ५१ यांची १०,०००, १०२ व ५१ यांची २,०००, आणि १०२ व ५२ यांची ४,०००. बिलाची रक्कम उणे त्याच्या जुळवण्या म्हणजे बिलाची बाकी. पावतीची रक्कम उणे तिच्या जुळवण्या म्हणजे ग्राहकाची न जुळवलेली आगाऊ रक्कम. पहिल्या प्रकारच्या बेरजेतून दुसऱ्या प्रकारची बेरीज वजा केली की नियंत्रण खात्याची शिलक मिळाली पाहिजे. अहवालात आगाऊ रकमेची ही ओळ न दाखवणे, हे रचना सुधारल्यानंतरही फरक राहण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे.

माल परत आल्यावर दिलेली जमा चिठ्ठी, मंजूर केलेली सूट आणि बुडीत म्हणून सोडलेली रक्कम (निर्लेखन) यांनीही बिल फिटते, पण त्यांत पैसा येत नाही. त्यांना खोट्या पावत्या बनवून टेबलात कोंबू नये. एक तर प्रत्येकासाठी वेगळे जुळवणीचे टेबल करावे, किंवा पावती, जमा चिठ्ठी, सूट आणि निर्लेखन या सर्वांना ‘वजावट दस्तऐवज’ अशा एका सामाईक टेबलाखाली आणून जुळवणी त्याच्याशी जोडावी. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण अहवालाची क्वेरी एकच राहते.

टेबल बरोबर, बेरीज दुप्पट

जुळवणीचे टेबल आल्यावर काही दिवसांत नवा फरक उगवतो, आणि तो कोणत्या तरी बिलाच्या पटीत असतो. समजा बिल १०२ मध्ये १,०००, २,००० आणि ३,००० अशा तीन बाबी आहेत, आणि त्याच्या जुळवण्या २,००० व ४,००० अशा दोन आहेत. अहवाल लिहिणाऱ्याने बिल, बिलातील बाबी आणि जुळवणी ही तीन टेबले एकाच क्वेरीत जोडली. प्रत्येक बाब प्रत्येक जुळवणीशी जोडली गेली आणि सहा ओळी तयार झाल्या. बाबींची बेरीज ६,००० ऐवजी १२,००० आली, जुळवणीची १८,०००, आणि पूर्ण फिटलेल्या बिलाची बाकी उणे ६,००० दिसली.

इथे डिस्टिंक्ट (सारखी मूल्ये एकदाच धरण्याची आज्ञा) लावून बेरीज करण्याचा मोह होतो. वरच्या आकड्यांवर तसे करून पाहिले तर उत्तर बरोबर येते, आणि नेमका तिथेच घात होतो. बाबींच्या तिन्ही रकमा वेगवेगळ्या आहेत, म्हणून ते जमले. पुढच्या बिलात सारख्याच रकमेच्या दोन बाबी आल्या की त्यातली एक नाहीशी होईल. योग्य उपाय असा की बाबींची बेरीज बिलवार आधी करावी, जुळवणीची बेरीजही बिलवार वेगळी करावी, आणि मग प्रत्येकी एका बिलाला एकच ओळ असलेले हे दोन निकाल बिलाच्या टेबलाशी जोडावेत.

ते जोडताना लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलाच्या सर्व ओळी राखणारी जोडणी) वापरले जाते, आणि ज्या बिलापोटी अजून काहीच आलेले नाही त्याच्या जुळवणीची बेरीज नल, म्हणजे मूल्यच नसलेली, येते. कोणत्याही रकमेतून नल वजा केला की उत्तर नल, आणि बेरजेत नल धरला जात नाही. म्हणजे येणे बाकीच्या अहवालातून नेमकी पूर्ण थकलेली बिलेच गायब होतात. कोअलेस वापरून नलच्या जागी शून्य धरावे.

तारखेचा सापळाही इथेच सांगून टाकतो. पोस्टिंगच्या रकान्यात तारखेबरोबर वेळ असेल आणि ‘१ ते ३१ तारखांच्या दरम्यान’ अशी बिट्वीन अट असेल, तर ३१ तारखेच्या मध्यरात्रीच्या ठोक्यानंतरचा सारा दिवस बाहेर राहतो. अट ‘पुढील महिन्याच्या १ तारखेच्या आधी’ अशी लिहावी, आणि अहवाल व खातेवही दोन्ही एकाच तारखेवर, म्हणजे पोस्टिंगच्या तारखेवर, चालवावीत.

नियम डेटाबेसमध्येच असावेत

एका पावतीच्या जुळवण्यांची बेरीज पावतीच्या रकमेपेक्षा जास्त होऊ नये, एका बिलाच्या जुळवण्यांची बेरीज बिलाच्या रकमेपेक्षाही होऊ नये, आणि प्रत्येक प्रमाणकातील (व्हाउचरमधील) नावे व जमा ओळी समान असाव्यात, हे तीन नियम केवळ स्क्रीनवरच्या प्रोग्रामवर सोपवू नयेत. कधीतरी कोणीतरी एक्सेलमधून थेट माहिती भरतोच. अडचण अशी की डेटाबेसमधील चेक ही अट एका ओळीपुरतीच पाहते, आणि हे तिन्ही नियम अनेक ओळींवर पसरलेले आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये पुढे ढकलता येणारा कन्स्ट्रेंट ट्रिगर (आपोआप चालणारी तपासणी) लावून व्यवहार कमिट, म्हणजे पक्का, होताना ही तपासणी करता येते. इतर ठिकाणी नोंद करण्याचा अधिकार फक्त एका स्टोअर्ड प्रोसीजरला (डेटाबेसमध्येच साठवलेल्या प्रोग्रामला) द्यावा आणि टेबलावर थेट लिहिण्याची परवानगी काढून घ्यावी. दोन लिपिक एकाच क्षणी एकाच पावतीची जुळवणी करत असतील, तर दोघांनाही जुनीच उरलेली रक्कम दिसते आणि दोन्ही नोंदी पास होतात. म्हणून तपासणीपूर्वी पावतीची आणि बिलाची ओळ लॉक करावी.

नियंत्रण खात्यावर हस्तनोंद पूर्णपणे बंद ठेवावी. लेखापाल याला विरोध करतील, कारण घाईच्या वेळी तोच त्यांचा हातखंडा उपाय असतो. त्यांना वजावट दस्तऐवजात ‘समायोजन’ असा प्रकार उपलब्ध करून द्यावा, म्हणजे समायोजनही एखाद्या बिलाशी जोडले जाईल आणि दोन्ही बाजूंना एकदमच पोहोचेल.

जुनी माहिती हलवताना

जुन्या पावत्यांना हात न लावता जुळवणीच्या ओळी नव्याने तयार कराव्यात. ज्या पावतीसोबत ग्राहकाचा तपशील उपलब्ध आहे, तिथे तो प्रमाण मानावा. तपशील नसेल तिथे सर्वांत जुने बिल आधी फिटले असे धरावे, पण अशा ओळीवर ‘गृहीत’ अशी खूण असलेला रकाना भरावा, कारण ग्राहकाशी वाद झाल्यावर कागदावरून केलेली जुळवणी आणि आपण धरलेली जुळवणी यांत फरक करता आला पाहिजे. स्थलांतरानंतर प्रत्येक ग्राहकाची बाकी आधीच्या बाकीशी ताडून पाहावी. बिलवार बाकी बदलेल, ती बदलण्यासाठीच हे चालले आहे. ग्राहकाची एकूण बाकी मात्र बदलता कामा नये. बदलली, तर स्थलांतर मागे घ्यावे आणि फरक ज्या ग्राहकांत आहे तेवढ्यांच्या पावत्या हाताने पाहाव्यात. सस्पेन्स खात्यात साठलेल्या जुन्या रकमाही याच वेळी उलट नोंदींनी बाहेर काढाव्यात, अन्यथा नवी रचना पहिल्याच महिन्यात बदनाम होते.

पावतीच्या टेबलातील जुना ‘बिल क्रमांक’ रकाना लगेच काढू नये. त्यावर लिहिण्याची परवानगी काढून तो एक पूर्ण महिनाअखेर तसाच ठेवावा आणि तेवढ्या काळात कोणते अहवाल अजून तो वाचतात ते क्वेरींच्या लॉगमध्ये पाहावे. माझ्या प्रणालीत असा एक अहवाल निघाला, ज्याचे अस्तित्व वसुली विभागाखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते, आणि स्मरणपत्रे त्यावरूनच जात होती. तो नव्या टेबलावर वळवल्यानंतरच जुना रकाना काढला.